पवनविद्युतीचे अर्थसाहाय्य आणि गोदाकाठचा कृषिपंप

नांदेडहून हैदराबादकडे जाणारी आगगाडी मुदखेड सोडून धर्माबादच्या वाटेला लागली की मध्ये उमरीचे स्थानक येते. मराठवाड्याच्या इतिहासात उमरीचे नाव प्रामुख्याने आढळते ते हैदराबाद मुक्तिसंग्रामातील बँक-प्रकरणामुळे. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील बँकेतून वीस लाखांवर रक्कम काढून ती लढ्याच्या कामी लावली. एवढ्या लहान गावी एवढी रोकड असावी, याचे कारण तेथील बाजारपेठ व कापसाचा व्यापार हे होय. १९०० च्या सुमारास गोदाखोऱ्यातून लोहमार्ग निघाला, त्याच्या काठाने सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने आले, आणि बैलाच्या बळावाचून चालणारे यंत्र या भागातील शेतकऱ्याने पहिल्यांदा पाहिले ते बहुधा अशा एखाद्या जिनिंगच्या आवारात.

उमरीचे शिवार पवनचक्कीचे नव्हे. वाऱ्याच्या वेगाचा घन ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात त्यातून मिळणारी शक्ती वाढते. वेग निम्म्यावर आला की शक्ती एक अष्टमांश उरते. सह्याद्रीच्या माथ्यावर, साक्रीच्या पठारावर किंवा बालाघाटच्या कड्यांवर जे परवडते, ते गोदाकाठच्या सपाटीवर परवडत नाही. तथापि महाराष्ट्रातील पवनविद्युतीचा इतिहास उमरीला वगळून लिहिता येत नाही. पवनचक्कीला दिलेले साहाय्य व शेतातील पंपाला दिलेले साहाय्य ही वीज मंडळाच्या एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर मांडली गेली आहेत. ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली म्हणजे असे दिसते की, साहाय्य वाऱ्यामागे गेले नाही आणि पाण्यामागेही गेले नाही. ते प्रत्येक वेळी एका विशिष्ट कागदामागे गेले. पवनचक्कीच्या बाबतीत तो कागद प्राप्तिकराचे विवरणपत्र होता, पंपाच्या बाबतीत वीजजोडणीची पावती, आणि आताच्या सौर योजनांत सातबारा. ज्याच्याजवळ तो कागद नव्हता त्याच्यापर्यंत साहाय्य पोहोचले नाही.

वाऱ्यावर पाणी उपसण्याची कल्पना या देशात नवी नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्येच पवनशक्तीचा विचार करण्यासाठी उपसमिती नेमली होती, आणि पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचा नमुना तयार केला. तो प्रयत्न शेतकऱ्याच्या विहिरीसाठी होता, कारखान्यासाठी नव्हता. परंतु त्याच काळात तेलाचे इंजिन स्वस्त झाले व त्यामागोमाग विजेची तार आली, आणि वारा थांबला की थांबणारे यंत्र कोणी घेईना. मराठवाड्यात मोटेच्या जागी आधी इंजिन आले आणि नंतर विजेचा पंप. १९५६ साली हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. आणि नव्या राज्याचे पाटबंधारे व वीज खाते ज्यांच्याकडे आले ते शंकरराव चव्हाण हे नांदेडचेच होते. पाणी व वीज ही दोन खाती एका हाती असण्याचा अर्थ गोदाखोऱ्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येथे नदी खोल वाहते. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पात पाणी यंत्राने उचलावे लागते. विहिरीचे पाणीही तसेच. मराठवाड्यातील ओलित म्हणजे बव्हंशी विजेचे ओलित होय.

१९७७ साली मंडळाने कृषिपंपाच्या मीटरचा नाद सोडून अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली. हिशेबाच्या दृष्टीने हा निर्णय सोयीचा होता; लाखो पंपांचे मीटर वाचण्याचा खर्च वसुलीच्या मानाने जड जात असे. परंतु त्यामुळे शेतीत नेमकी किती वीज खर्च होते हे कोणालाच ठाऊक राहिले नाही. तारांतील गळती आणि आकडा टाकून घेतलेली वीज यांचाही बोजा पंपाच्या नावावर मांडण्याची सोय झाली. पंप किती वीज खातो हा प्रश्न तेव्हापासून राजकारणाचा झाला, आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या हिताप्रमाणे बदलत गेले. शेतीच्या स्वस्त विजेचा भार उद्योगांच्या व व्यापारी ग्राहकांच्या महाग विजेवर टाकण्याची रीत, जिला वीज-व्यवहारात क्रॉस सबसिडी म्हणतात, ती याच काळात स्थिरावली. भोसरीच्या किंवा ठाण्याच्या कारखान्याने युनिटमागे जादा भरलेले पैसे उमरीच्या विहिरीवर पोहोचत. ही पद्धत न्याय्य होती की नाही हा वाद निराळा. ती चालत होती एवढे खरे. ती चालण्याची अट एकच होती. कारखान्याला मंडळाखेरीज दुसरीकडून वीज घेता येऊ नये.

ती अट मोडण्यास पवनचक्की कारण झाली, आणि येथून या इतिहासाचा खरा भाग सुरू होतो.

१९८२ साली केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग काढला. १९८६ च्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॅटची डॅनिश यंत्रे प्रात्यक्षिकासाठी उभी राहिली. प्रात्यक्षिकातून व्यापार झाला तो मात्र करविषयक तरतुदींमुळे. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा वजा करण्याची मुभा होती. समजा, एखाद्या नफ्यातील कंपनीने पाच कोटींची पवनचक्की घेतली. ३५ टक्के कराच्या हिशेबाने त्या वर्षीचा पावणेदोन कोटींचा कर तिला भरावा लागला नाही. हा कर माफ झाला नाही, पुढे ढकलला गेला, हे खरे. पण आजचे पावणेदोन कोटी आणि दहा वर्षांनंतरचे पावणेदोन कोटी यांतला फरक व्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. शिवाय मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर घसारा निम्माच मिळे. त्यामुळे पूर्ण सवलत हवी असलेल्यांची सप्टेंबरअखेरची आणि निम्म्यावर भागवणाऱ्यांची मार्चअखेरची घाई या धंद्यात रूढ झाली. वाऱ्याचा हंगाम मे ते सप्टेंबर असतो; सप्टेंबरअखेर उभी केलेली चक्की ते वर्ष जवळजवळ वाऱ्याविना काढते. कर वाचविण्यासाठी ते पुरेसे होते.

याची पूर्वावृत्ती कॅलिफोर्नियात झाली होती. तेथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गुंतवणुकीवरील करसवलतीमुळे डोंगरच्या डोंगर पवनचक्क्यांनी भरले. १९८५ च्या अखेरीस सवलत संपली आणि त्यांतली कित्येक यंत्रे गंजत पडली. जर्मनीने १९९० च्या कायद्याने वेगळी वाट घेतली. तेथे चक्की उभारण्याचे पैसे न देता तिने तारेत सोडलेल्या प्रत्येक युनिटला ठरावीक भाव दिला गेला, आणि २००० च्या कायद्याने तो वीस वर्षांसाठी बांधून दिला. उभारणीला पैसे दिले तर मालक उभारणीच्या दिवसापर्यंत जागा असतो; युनिटला दिले तर पाते फिरत आहे की नाही हे त्याला रोज पाहावे लागते. भारताने आरंभी कॅलिफोर्नियाचा धडा गिरविला. युनिटमागे ५० पैशांचे उत्पादनाधारित साहाय्य केंद्राने दिले ते डिसेंबर २००९ मध्ये, आणि तेही घसाऱ्याची सवलत न घेणाऱ्यांनाच.

महाराष्ट्राने या करसवलतीत आपली भर घातली. १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या राज्य धोरणाने पवनचक्कीतील गुंतवणुकीवर विक्रीकरातही सूट मिळू लागली. त्याचा परिणाम विलक्षण झाला. दोन-तीन वर्षांत राज्यातील क्षमता काही दशकी मेगावॅटवरून चारशेच्या आसपास गेली, आणि सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले वनकुसवड्याचे पठार, चाळकेवाडी, ठोसेघर ही नावे मुंबई-पुण्याच्या हिशेबनीसांच्या तोंडी आली. बजाज ऑटोसारख्या, विजेच्या धंद्याशी मूळचा संबंध नसलेल्या, पण विक्रीकर व प्राप्तिकर दोन्ही मोठ्या प्रमाणावर भरणाऱ्या कंपन्या पवनचक्क्यांच्या मालक झाल्या. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली सुझलॉन ही कंपनी याच लाटेवर वाढली. ती यंत्र, जमीन, रस्ता, तार व देखभाल असे सर्व एकत्र विकत असे, म्हणजे कर भरणाऱ्याला पठारावर पाऊलही ठेवण्याचे कारण पडत नसे.

पठारावर राहणाऱ्यांचे काय झाले, हे सांगताना धोरणाचे कागद थोडे बोलतात. कोयनेच्या वरच्या अंगाला असलेल्या या जमिनी खडकाळ, नाचणी-वरीच्या. दलालांनी त्या पडेल भावात घेतल्या. श्रमिक मुक्ती दलाने, भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली, पवनचक्कीच्या उत्पन्नात गावाला वाटा मिळावा अशी मागणी पुढे लढविली. साक्री तालुक्यात वनजमिनी कसणाऱ्या आदिवासींनी त्याच जमिनी पवनचक्क्यांना दिल्या गेल्याबद्दल विरोध केला. आणि दुष्काळाच्या वर्षांत पवनचक्क्या ढग पळवून लावतात असा समज सातारा-सांगलीकडे पसरला. विज्ञानात त्याला आधार नाही. पण डोक्यावरून जाणारी तार आपल्या घरात दिवा लावत नाही, पंपाला वीज रात्री येते, आणि पाऊस तेवढा हुकतो, या तीन गोष्टींची सांगड घालून गावकऱ्यांनी केलेला तो तक्रारअर्ज होता, असे मानल्यास त्या समजाचा अर्थ लागतो.

२४ नोव्हेंबर २००३ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नव्या पवनचक्क्यांच्या विजेस पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये व पुढे दरसाल १५ पैशांची वाढ असा तेरा वर्षांचा भाव ठरवून दिला. पुढच्या वर्षीच्या राज्य धोरणाने औद्योगिक व व्यापारी ग्राहकांकडून युनिटमागे चार पैसे घेऊन हरित ऊर्जेसाठी निधी उभा केला. येथवर पाहता भार उद्योगांवरच होता. परंतु २००३ च्या विद्युत कायद्याने मोठ्या ग्राहकास मुक्त प्रवेशाचा, म्हणजे दुसऱ्याची वीज मंडळाच्या तारेतून आणण्याचा, हक्क दिला होता. आणि २००५ च्या नियमांनी २६ टक्के मालकी व ५१ टक्के वापर एवढ्या अटीवर अनेक कारखान्यांना मिळून ‘स्वतःची’ वीज निर्माण केल्याचा दर्जा मिळाला. स्वतःच्या विजेवर क्रॉस सबसिडीचा अधिभार नाही. महाग दर भरणारा कारखानदार पवनचक्कीत भाग घेऊन या दाराने बाहेर पडू लागला, आणि त्याच्या जादा दरावर उभा असलेला उमरीचा पंप वहीत उघडा पडला.

यात ऋतूंचीही एक गाठ होती. पवनचक्की पावसाळ्यात भरभरून वीज देते, तेव्हा पंप बंद असतो. ऑक्टोबरनंतर रब्बीला पाणी लागते, केळी-हळदीला आणि उसाला लागते, तेव्हा वारा पडलेला असतो. पावसाळ्यात तारेत सोडलेली जादा वीज जमा ठेवून पुढे वर्षभर उचलण्याची सोय, जिला बँकिंग म्हणतात, ती पवनचक्कीवाल्यांना दिली गेली होती. म्हणजे ज्या महिन्यांत मंडळाला वीज नको होती तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडे, आणि ज्या महिन्यांत गोदाकाठचा शेतकरी विजेची वाट पाही तेव्हा कारखाना आपली ठेव परत मागे. वीज कंपनीच्या तक्रारीवरून ही मुदत पुढे महिन्यावर आणली गेली. ‘उमरी’ व ‘बँक’ हे शब्द इतिहासात दुसऱ्यांदा एकत्र येतात ते असे.

इकडे पंपाच्या पानावर राजकारणाने स्वतंत्र नोंदी चालविल्या होत्या. २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीची वीज मोफत केली. निवडणुकीनंतर त्याच आघाडीच्या, लातूरच्या विलासराव देशमुख यांच्या सरकारने २००५ मध्ये ती सवलत मागे घेतली. त्यानंतरची वर्षे भारनियमनाची. ग्रामीण मराठवाड्यात बारा तास व त्याहून अधिक काळ वीज नसे, आणि शेतीच्या वाहिनीवर येई ती आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दारे धरायला गेलेल्या माणसाला साप चावणे, ऑटो-स्टार्टर लावून घरी झोपलेल्याची मोटार जळणे, डीपी जळाल्यावर महिना-महिना पीक वाळणे, या गोष्टी वीजदराच्या कोणत्याही सुनावणीत रुपयांत मांडल्या गेल्या नाहीत. स्वस्त विजेची खरी किंमत शेतकरी तिच्या वेळेत व तिच्या दाबात भरत होता. बिले थकत गेली. २०२० च्या कृषिपंप धोरणाच्या वेळी थकबाकी ४० हजार कोटींच्या वर गेली होती.

या अवधीत पवनचक्कीचे सोनेरी दिवस संपत आले. घसारा २००२ मध्ये ८० टक्क्यांवर, २०१२ मध्ये १५ टक्क्यांवर आला, २०१४ मध्ये पुन्हा ८० झाला, आणि २०१७ पासून ४० टक्के राहिला. प्रत्येक बदलाबरोबर नव्या चक्क्यांची संख्या वरखाली झाली, वारा मात्र होता तेवढाच होता. फेब्रुवारी २०१७ च्या केंद्रीय लिलावात भाव ३ रुपये ४६ पैशांवर आला व वर्षाच्या अखेरीस गुजरातेत २ रुपये ४३ पैशांवर. लिलावाने दर उतरविले, तसेच कर वाचविणारे छोटे मालकही या क्षेत्रातून उतरविले.

मराठवाड्याच्या पश्चिम कडेला, बीड व धाराशिव जिल्ह्यांतील बालाघाटच्या उंचवट्यांवर, पवनचक्क्या आल्या त्या मोठ्या कंपन्यांच्या. त्यांच्यामागे जमिनीचा, रस्त्याच्या मुरमाचा, पहाऱ्याचा व वाहतुकीच्या ठेक्यांचा बाजार आला. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून ती झाली, असे तपासयंत्रणेने आरोपपत्रात मांडले. त्या प्रकरणाचा निर्णय हा न्यायालयाचा विषय आहे. ऊर्जेच्या इतिहासाच्या दृष्टीने एवढे नोंदवावे लागते की, पठारावर ज्या उत्पन्नात गावाला रीतसर वाटा नसतो, त्यात वाटा मागणारे अन्य लोक निर्माण होतात.

त्याच बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र आहे. १९७१ मध्ये ३० मेगावॅटच्या संचाने ते सुरू झाले आणि मराठवाड्याच्या विकासाची खूण म्हणून मिरविले. २०१३ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये ते बंद ठेवावे लागले; कोळसा होता, पाणी नव्हते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पाणी उचलण्यासाठी वीज आणि वीज करण्यासाठी पाणी, असे हे चक्र आहे. वारा व ऊन यांना पाणी लागत नाही ही गोष्ट अन्य प्रांतांत पर्यावरणाच्या पुस्तकात असते. येथे ती साधी व्यवहाराची आहे.

उमरीच्या वाट्याला वारा नसला तरी ऊन आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देण्याचे ठरले. निविदांत युनिटचा भाव तीन रुपयांच्या आसपास आला. म्हणजे पंपाची वीज, आपल्या इतिहासात प्रथमच, कारखान्याच्या जादा दरावाचून स्वस्त होण्याची शक्यता दिसू लागली. पिकाला पाणी दिवसा देता येईल ही त्याहून मोठी गोष्ट. २०२४ च्या जुलैमध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांची वीज पुन्हा मोफत झाली व तिच्यापोटी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार राज्याने स्वीकारला. हे वर्षही विधानसभा निवडणुकीचेच होते. ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला ही सवलत मिळाली. ज्याला विहीर नाही, किंवा जो पैसे भरून जोडणीच्या यादीत वर्षानुवर्षे थांबला आहे, त्याला ती मिळाली नाही. कोरडवाहू सोयाबीन घेणारा मराठवाड्यातला बहुसंख्य शेतकरी या हिशेबात येतच नाही.

राहिली जमीन. सौर प्रकल्पासाठी खाजगी जमीन दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरसाल तीन टक्के वाढ असा दर ठरला. कोरडवाहू शेत इतके उत्पन्न क्वचितच देते. परंतु शासनाची पहिली पसंती सरकारी जमिनीला, कारण ती नाममात्र भाड्याने मिळते; आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. मराठवाड्यातील गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यानुपिढ्या पिके घेत आली आहेत. १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नावरचे होते, आणि त्यानंतरच्या शासननिर्णयांनी जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे वचनही दिले. ते अनेक ठिकाणी सातबाऱ्यापर्यंत आले नाही. शेजारच्या बांधावरील खातेदारास हेक्टरी सव्वा लाख मिळतात. तेवढ्याच मातीत तूर पेरणाऱ्या गायरानधारकाला, जमीन सौर प्रकल्पाकडे गेली की, उठण्याची नोटीस मिळते. पट्टा शासन व वीज कंपनी यांच्यात होतो, आणि कसणाऱ्याच्या सहीसाठी त्यात रकाना नसतो.